फोनवरची कोठडी

‘डिजिटल अटक’ ही संज्ञा भारताच्या कोणत्याही कायद्यात सापडत नाही. तरीही गेल्या तीन-चार वर्षांत ती वृत्तपत्रांच्या मथळ्यांत इतकी रुळली आहे की, मुळात ती भामट्यांनी रचलेली एक थाप आहे याचाच विसर पडू लागला आहे. या प्रकारात पोलीस, केंद्रीय अन्वेषण विभाग, सीमाशुल्क खाते किंवा दूरसंचार नियामक यांपैकी कुणाच्या तरी नावाने फोन येतो. तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळ्या पैशाची उलाढाल झाली आहे किंवा तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत असे सांगितले जाते. आणि मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस अवतरून समोरच्याला त्याच्याच घरात ‘अटक’ करतो. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर पडायचे नाही, कुणाशी बोलायचे नाही, अशा अटी घातल्या जातात आणि अखेर ‘पडताळणी’साठी म्हणून आयुष्यभराची ठेव एका ‘सरकारी’ खात्यात वळती करायला लावली जाते. निर्दोष ठरल्यावर ती परत मिळेल, असे आश्वासनही दिले जाते.

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार डिजिटल अटक आणि तत्सम गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरील तक्रारी २०२२ मध्ये ३९,९२५ होत्या, त्या २०२४ मध्ये १,२३,६७२ झाल्या. गमावलेली रक्कम मात्र याच दोन वर्षांत ९१ कोटी रुपयांवरून १,९३५ कोटींवर गेली. तक्रारी तिप्पट झाल्या आणि रक्कम एकवीसपट, म्हणजे दर तक्रारीमागचे सरासरी नुकसान सुमारे २३ हजार रुपयांवरून दीड लाखाच्या पुढे गेले. भामट्यांची संख्या वाढली एवढाच याचा अर्थ नव्हे. ते सावज निवडून हेरू लागले, असाही तो आहे. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विकलेल्या जुन्या घराचे पैसे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील रक्कम असा एकगठ्ठा पैसा, तोही चटकन मोडता येण्याजोग्या ठेवींत, तिशीतल्या माणसाकडे क्वचित असतो. सत्तरीतल्या माणसाकडे असतो. सर्व वयांचे लोक या जाळ्यात सापडतात हे खरे, पण ज्यांना हा पैसा पुन्हा कमावता येणार नाही, त्यांचे नुकसान केवळ आकड्याने मोजता येत नाही.

अशा घटनेची बातमी वाचल्यावर उमटणारी पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच असते: म्हातारी माणसे भोळी असतात, त्यांना तंत्रज्ञान कळत नाही. हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी टिकणारे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडील नोंदी वर्षानुवर्षे असे दाखवतात की, फसवणुकीत पैसे गेल्याची तक्रार करणाऱ्यांत विशीतल्या तरुणांचे प्रमाण सत्तरीतल्यांपेक्षा जास्त असते. ज्येष्ठांची गेलेली रक्कम तेवढी मोठी असते. भारतातही डिजिटल अटकेत सापडलेल्यांत निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर आणि बँक अधिकारी आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंजाबातील ८२ वर्षांच्या एका नामवंत उद्योगपतीला सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी दाखवून, तीत सरन्यायाधीशांचे सोंग उभे करून ७ कोटी रुपयांना लुबाडण्यात आले. हजारो कामगारांचा कारभार सांभाळलेल्या माणसाला व्यवहार कळत नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तेव्हा कारण अज्ञानात शोधायचेच असेल, तर ते कोणत्या प्रकारचे अज्ञान आहे हे आधी पाहिले पाहिजे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी मध्यमवर्गाने केवळ पाठ केलेली नाही, तर तिच्यावर आयुष्य बेतले आहे. नोकरीत एकही ठपका नाही, शेजाऱ्याशी कधी वाद नाही, पोलीस चौकीत जाण्याचा प्रसंग आला तो फार तर पासपोर्टच्या पडताळणीपुरता, अशी ज्यांची चाळीस-पन्नास वर्षे गेली, त्यांना अटक प्रत्यक्षात कशी होते हे ठाऊक असण्याचे काही कारणच नसते. सराईत गुन्हेगाराला असा फोन आला, तर तो हसून ठेवून देईल, कारण अटकेचा कागद कसा असतो, पंचनामा कुणासमोर होतो, वकिलाला केव्हा बोलावता येते, हे त्याला अनुभवाने माहीत असते. अब्रू सांभाळून जगलेल्या माणसाचे या विषयातले अज्ञान हे त्याच्या सचोटीचेच दुसरे अंग आहे, आणि भामटे नेमके त्यावरच भांडवल उभारतात. ‘आजवर नाव खराब झाले नाही, आता या वयात चारचौघांत छी थू होणार’ ही भीती ज्याच्या मनात उभी राहू शकते, तोच या सापळ्यात सापडतो. ज्याला अब्रूची पर्वा नाही, त्याच्यावर हा मंत्र चालत नाही.

प्रत्यक्ष कायदा वृद्धांच्या बाबतीत या बनावट पोलिसांपेक्षा पुष्कळच सौम्य आहे, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या किंवा दुर्बल व्यक्तीला पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. त्याच संहितेच्या कलम १७९ नुसार साठीच्या पुढच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही. अटक झालीच तर तिची नोंद साक्षीदाराच्या सहीनिशी करावी लागते, नातेवाइकाला कळवावे लागते आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून बजावणे ही कायद्याने सांगितलेली रीत नव्हे. या सर्व तरतुदींतून एक समान धागा जातो: कायद्याची खरी अटक उघड्यावर, कुणाच्या तरी साक्षीने होते, तर खोटी अटक गुपचूप, एकट्यालाच गाठून केली जाते. ‘कुणाला सांगू नका’ असे सांगणारा माणूस पोलीस असू शकत नाही, एवढा एक निकष ध्यानात राहिला, तर बाकीची कलमे विसरली तरी चालतील.

या एकांताचे महत्त्व कळण्यासाठी एका जुन्या प्रयोगाकडे वळणे उपयोगी ठरेल. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी आज्ञाधारकतेवर प्रयोग केले, ज्यांत सामान्य माणसांना एका अधिकारी व्यक्तीच्या सांगण्यावरून दुसऱ्याला विजेचे धक्के द्यायचे होते. धक्के खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. अधिकारी खोलीत उभा असताना शंभरातले पासष्ट लोक शेवटच्या टोकापर्यंत गेले; तोच अधिकारी खोलीबाहेर जाऊन फोनवरून आज्ञा देऊ लागला, तेव्हा हे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास घसरले. नुसत्या आवाजाची जरब कमी असते, असा याचा एक अर्थ लावता येतो, आणि साध्या फोनवरून व्हिडिओ कॉलवर येण्याची घाई भामटे का करतात, हेही त्यातून उमगते. गणवेश, मागच्या भिंतीवरचे बोधचिन्ह, टेबलावरचा तिरंगा, मधूनच वॉकीटॉकीवर येणारा आवाज या नेपथ्याने अधिकारी पुन्हा खोलीत आणून उभा केला जातो. ज्या खिडकीतून हा अधिकारी आत येतो, ती खिडकी वृद्धांनी मोठ्या हौसेने उघडलेली असते, कारण न्यू जर्सीतल्या किंवा बंगळुरूतल्या नातवंडाचा चेहरा पाहण्यासाठी व्हिडिओ कॉल शिकलेल्या आजी-आजोबांच्या लेखी पडद्यावर दिसणारा माणूस हा खरा माणूस असतो. मिलग्रम यांच्याच आणखी एका प्रयोगात सोबतच्या दोघांनी आज्ञा मोडल्यावर बहुतेकांनी आपणही ती मोडली, ही बाबही विसरता कामा नये. शेजारी कुणी ‘हे काय चालले आहे?’ म्हणणारे असले, की जरब ओसरते.

म्हणूनच ज्येष्ठांच्या संरक्षणाचा प्रश्न हा मूलतः दुसऱ्या माणसाचा प्रश्न आहे. सरकारी उपाययोजनेचा भर मात्र आजवर पहिल्या माणसाला, म्हणजे खुद्द वृद्धाला, सावध करण्यावर राहिला आहे. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात या गुन्ह्याचा उल्लेख केला, बँकांचे संदेश येत असतात, आणि काही महिने तर फोन लागण्याआधी सायबर फसवणुकीचा इशारा ऐकवला जात असे. या इशाऱ्यातली विसंगती कुणाच्या लक्षात आली नसेल असे वाटत नाही: तो ऐकू येई फोन करणाऱ्याला, आणि फसवणूक होते ती फोन घेणाऱ्याची. अर्थात जागृती निरुपयोगी आहे असे कुणी म्हणणार नाही. हयातीच्या दाखल्याच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबरात, निवृत्तिवेतनधारकांना ‘दाखला अद्ययावत करण्यासाठी ओटीपी सांगा’ असे फोन येतात किंवा ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असे संदेश वीजग्राहकांना येतात, तेव्हा आधी ऐकलेली एखादी सूचना कामी येते. परंतु हे किरकोळ सापळे झाले. ज्याला चोवीस तास कॅमेऱ्यासमोर बसवून झोपू दिलेले नाही, त्याच्या मनाची अवस्था अशी असते की, चार दिवसांपूर्वी त्यानेच इतरांना पाठवलेला सावधगिरीचा संदेश त्याला आठवत नाही.

दुसरा माणूस पूर्वी कुठे होता, हेही पाहण्यासारखे आहे. तो बँकेच्या काउंटरपलीकडे बसलेला असे. मुदत ठेव मोडायची तर शाखेत जावे लागे, पावतीच्या मागे सही करावी लागे, आणि वर्षानुवर्षे ओळखणारा कारकून चष्म्यावरून पाहत ‘मुदतीला चारच महिने राहिलेत, व्याज बुडेल, एवढी काय नड पडली?’ असे विचारी. हा प्रश्न कोणत्याही परिपत्रकात नव्हता, आणि त्याला गोपनीयतेचा भंगही म्हणता आला असता. पण तो विचारला जाई. आज ठेव मोबाइलवर दोन मिनिटांत मोडते. एनईएफटी ही एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची व्यवस्था डिसेंबर २०१९ पासून आणि मोठ्या रकमांसाठीची आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू झाली, त्यामुळे रात्रीची आपसूक मिळणारी उसंतही गेली. व्यापारउदिमाला हा वेग हवा होता आणि त्याचा लाभ झाला, यात वाद नाही. मात्र पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी चाळीस लाख रुपये रात्री अकरा वाजता एका अनोळखी चालू खात्यात पाठवण्याची निकड कोणत्या व्यापारात असते, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारलेला दिसत नाही.

पुष्कळदा माणूस शाखेत जातोही, आणि तिथेही तो एकटा नसतो. पिशवीत किंवा सदऱ्याच्या खिशात फोन चालूच असतो, पलीकडून कुणीतरी ऐकत असते, आणि अधिकाऱ्याने चौकशी केलीच तर काय सांगायचे हे आधी पढवलेले असते: फ्लॅट घ्यायचा आहे, मुलीकडे पाठवायचे आहेत. आरटीजीएसच्या अर्जावर लाभार्थीचे नाव म्हणून एखाद्या व्यापारी पेढीचे नाव लिहिताना हात थरथरत असतो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला हे दिसते, पण त्याच्यासमोर रांग असते, आणि ग्राहकाने स्वतःच्या पैशाचे काय करावे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे का, याची त्याला खात्री नसते. काही ठिकाणी अशाच कर्मचाऱ्याने अर्ज बाजूला ठेवून ग्राहकाला आत बसवले, पाणी दिले, फोन बंद करायला लावला आणि पैसे वाचले, अशा बातम्या अधूनमधून येतात आणि त्या कर्मचाऱ्याचा सत्कार होतो. सत्कार योग्यच आहे. परंतु ज्या गोष्टीसाठी सत्कार करावा लागतो, ती गोष्ट नियम झालेली नसते.

ती नियम व्हावी यासाठी बँकेच्या खिशाला झळ बसली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत, म्हणजे त्रयस्थाने परस्पर पैसे काढल्यास, तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाचे दायित्व शून्य ठरवले. डिजिटल अटकेतला व्यवहार या चौकटीत बसत नाही, कारण इथे पैसे ग्राहक स्वतःच्या हाताने पाठवतो. धाकाने मिळवलेली संमती कागदावर संमतीच दिसते. ब्रिटनने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून, देशांतर्गत झटपट पेमेंटमध्ये ग्राहकाने फसून स्वतः पाठवलेली रक्कम ८५,००० पौंडांच्या मर्यादेपर्यंत साधारणपणे पाच कामकाजी दिवसांत परत करणे बंधनकारक झाले, आणि तो भार पैसे पाठवणारी व पैसे स्वीकारणारी अशा दोन्ही बँकांनी निम्मानिम्मा सोसायचा आहे. यातला दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा मानावा लागेल. लुटलेला पैसा ज्या खात्यात उतरतो ते बहुधा भाड्याने दिलेले असते, म्हणजे एखादा विद्यार्थी किंवा बेकार तरुण चार-पाच हजारांसाठी आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करतो. ज्या खात्यात वर्षभर दोन-तीन हजारांपलीकडे शिल्लक नव्हती, त्यात एका दुपारी पन्नास लाख येतात आणि तासाभरात वीस खात्यांत पांगतात, हे त्या बँकेला दिसत नाही असे नव्हे. न पाहिल्याने तिचे काही बिघडत नाही, इतकेच.

भरपाई हमखास मिळाली तर ग्राहक बेफिकीर होतील, असा आक्षेप यावर घेतला जातो. साठ हजारांच्या खरेदीबाबत तो कदाचित विचारात घेता येईल. पण आयुष्याची पुंजी गमावण्याच्या भीतीने जो माणूस सावध राहिला नाही, तो भरपाईच्या आशेने बेसावध राहील, हे पटणारे नाही.

विलंबाचा मुद्दा याहून अवघड आहे, कारण तिथे संरक्षण आणि स्वातंत्र्य यांची गाठ पडते. सिंगापूरने २०२५ मध्ये असा कायदा लागू केला की, फसवणूक चालू असूनही पीडित व्यक्ती ऐकत नसेल, तर पोलीस तिच्या खात्यावरील व्यवहार तीस दिवसांपर्यंत रोखण्याचा आदेश बँकेला देऊ शकतात. हेतू चांगला असला, तरी भारतीय कुटुंबव्यवस्थेत अशा अधिकाराचे काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. ‘आई-दादांना आता व्यवहार कळत नाही’ असे म्हणत पासबुक, कार्ड आणि पासवर्ड ताब्यात घेणारी मुले अपवादात्मक नाहीत. आईवडिलांना चरितार्थासाठी मुलांविरुद्ध दाद मागता यावी म्हणून या देशाला २००७ मध्ये खास कायदा करावा लागला, हे विसरून ज्येष्ठांच्या पैशांची राखण सरसकट कुटुंबाकडे सोपवता येणार नाही. किंबहुना फसवणूक झाल्यावर वृद्ध माणसे ती दडवतात, त्यामागे लाजेइतकीच ही धास्ती असते की, एकदा का हे घरात कळले, की उरलेला कारभारही हातातून जाईल. आणि दडवण्यात जे तास जातात तेच मोलाचे असतात, कारण १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवले तर पैसे वाटेतल्या एखाद्या खात्यात गोठवता येतात. या यंत्रणेने २०२१ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे ५,४८९ कोटी रुपये वाचवले. एकट्या २०२४ सालात देशाने सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी गमावले.

स्वातंत्र्य राखून दुसरा माणूस आणण्याची एक वाट अमेरिकेतील शेअर दलालांच्या नियमांत सापडते. २०१८ पासून तिथे खातेदाराला ‘विश्वासाच्या व्यक्ती’चे नाव विचारले जाते, या व्यक्तीला खात्यातला एक डॉलरही हलवता येत नाही, पण संशयास्पद व्यवहार दिसल्यास संस्था तिला फोन करू शकते आणि तोवर ज्येष्ठ खातेदाराचे पैसे काही दिवस थांबवून ठेवू शकते. भारतात बँका नॉमिनीचे नाव आग्रहाने विचारतात, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात; म्हणजे खातेदार मेल्यावर पैसे कुणाला द्यायचे याची तजवीज चौपट झाली, पण तो जिवंत असताना संकटात दिसला तर कुणाला विचारायचे, यासाठी अर्जात एकही रकाना नाही. ही विश्वासाची व्यक्ती मुलगाच असली पाहिजे असे नाही. शेजारी, भाची, जुना सहकारी किंवा ज्येष्ठ नागरिक संघातला मित्र यांपैकी कुणीही चालेल. निवड खातेदाराची, मर्यादा खातेदाराने ठरवलेली आणि थांबा एका दिवसाचा, एवढ्याने कुणाच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. महाराष्ट्रात गावोगावी आणि नगरोनगरी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, ज्यांच्या सभांत आरोग्य, योगासने आणि सहली यांवर भरपूर बोलले जाते. तिथे कुणी उठून ‘माझे बारा लाख गेले’ असे मोकळेपणाने सांगू शकले, तर ते पोलिसांच्या दहा व्याख्यानांहून अधिक परिणामकारक ठरेल, कारण ऐकणाऱ्यांना ते आपल्यासारख्याच शहाण्या माणसाचे बोलणे वाटेल.

गुन्हेगारांना पकडण्याचे काम आपल्या जागी आहेच. फोन करणारी यंत्रणा अनेकदा म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधील बंदिस्त वसाहतींत असते, जिथे नोकरीच्या आमिषाने नेलेले तरुण स्वतःच डांबलेले असतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या म्यावाडी भागातून ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याने लिहिलेल्या पत्राची ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर रोजी डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा देशव्यापी तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला आणि बँकांच्या भूमिकेचीही विचारणा केली. तपास चालेल, काही टोळ्या सापडतील. पण परदेशातली टोळी उठवेपर्यंत इथल्या काउंटरवरचा माणूस थांबू शकत नाही.

दक्षिण मुंबईत राहणाऱ्या ८६ वर्षांच्या एका महिलेच्या खात्यांतून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात २० कोटींहून अधिक रुपये गेले. ही रक्कम दोन महिन्यांहून अधिक काळ, हप्त्याहप्त्याने, बँकांच्या यंत्रणेतून रीतसर बाहेर पडत होती. खोलीतून त्या फक्त जेवायला बाहेर येतात आणि आत कुणाशी तरी मोठ्याने बोलत असतात, हे ज्याच्या ध्यानात आले आणि ज्याने त्यांच्या मुलीला कळवले, तो माणूस बँकेतला नव्हता. ती त्यांच्या घरातली घरकामाची मदतनीस होती.